खेकड्याला जाहीर पाठिंबा

एका जंगलात, बाळांनो, एक सिस्टीम होती. कुठल्या जंगलात ते विचारू नका. विचारलंत तर नाव सांगावं लागेल, आणि मग माझ्या दारात रानडुकरं येऊन उभी राहतील.

सिस्टीम म्हणजे काय? तुमच्या घरी संगणक असतो बघा. त्यात एक राबणारा असतो आणि एक राबवणारा. राबणाऱ्याला प्रोसेसर म्हणतात. राबवणाऱ्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. राबवणारा काय बोलतो ते राबणाऱ्याला कळलं तर काम होतं. नाही कळलं, तर पडद्यावर एक गोल गरगर फिरत बसतो आणि तुमचे बाबा संगणकाला धपाटा घालतात.

जंगलातही असंच होतं. पडदा तेवढा नव्हता. धपाटे होते.

जंगलाची सिस्टीम म्हणजे मोरेश्वर मोर. वडाच्या शेंड्यावर बसून तो हाकारे द्यायचा. "ऊठ!" "पुढे हो!" "काप!" "मागे हो!" "बस!" झालं, संपले हाकारे. जंगलाचा सगळा कारभार तेवढ्यावर चालायचा. दर वर्षी मोरेश्वराची जुनी पिसं गळायची आणि नवी यायची. त्याला नवी आवृत्ती म्हणत. मोठा सोहळा व्हायचा, लाडू वाटले जायचे, मोरेश्वर पिसारा फुलवून गिरक्या घ्यायचा. हाकारे मात्र तेच राहायचे.

आणि प्रोसेसर? तो म्हणजे धोंडबा. पूर्वी त्याला गाढवच म्हणत. मग जंगलात इंग्रजी शाळा निघाली आणि सगळे प्रोसेसर म्हणू लागले. पाठीवरचं ओझं तेवढंच राहिलं. हसू नका रे, तुमच्यातले निम्मे मोठेपणी तेच होणार आहेत.

धोंडबाचं खरं काम उन्हाळ्यात असे. उन्हाळ्यात डोंगरापलीकडून वणवा यायचा. म्हणून तो यायच्या आत जंगलाच्या कडेने गवताचा एक रुंद पट्टा साफ करून ठेवायचा. आग येते, मोकळी जमीन बघते, खायला काही नाही म्हणून तिथेच मरते. त्या पट्ट्याला जाळरेषा म्हणतात. मोरेश्वर ओरडायचा, "पुढे हो! काप!" धोंडबा पुढे व्हायचा आणि गवत खात सुटायचा. त्याच्यामागे जाळरेषा तयार व्हायची. गाढवाचं पोटही भरायचं.

पण धोंडबा म्हातारा झाला. त्याचे दात पडले. गवत तोंडात घ्यायचा, चघळायचा आणि होतं तिथे परत ठेवायचा.

आता सगुणाक्का येते. ही साळिंदर. स्वभावाने आधीच तिखट, त्यात बाळंतीण. तिचं बीळ होतं जंगलाच्या अगदी कडेला, वाळल्या गवतात. आत पिल्लं होती, डोळे उघडून फार दिवस न झालेली. त्यांना चालता येत नव्हतं. तोंडात धरून दुसरीकडे न्यावीत, तर वाटेवर कोल्हे जिभल्या चाटत बसलेले. जाळरेषा झाली नाही तर आगीचा पहिला घास सगुणाक्काची पिल्लं होणार, हे उघड होतं.

ती तडक दरबारात गेली. वडाखालच्या पारावर वाघ महाराज झोपले होते. ते राजे होते, तेच त्यांचं काम होतं. कारभार बघत ते प्रधान, वराहपंत. जातीने रानडुक्कर आणि बोलण्यात तूपसाखर.

"पंत, धोंडबाच्याने आता होत नाही," सगुणाक्का म्हणाली. "यंदा जाळरेषेचं काय?"

"आक्का, तुम्ही निर्धास्त राहा," वराहपंत म्हणाले. "नवा प्रोसेसर मागवलाय. थेट खाडीवरून! धोंडबाला पाय किती? चार. याला आठ. म्हणजे वेग दुप्पट. शिवाय दोन नांग्या, त्या वरकड."

आणि खरंच खेकडा आला. ओल्या गोणपाटात गुंडाळून, वाजतगाजत आणला त्याला. नाव दर्याजी. गुणी होता हो बिचारा. नांग्यांना अशी धार की वराहपंतांनी कौतुकाने खूर पुढे केला आणि चटकन मागे घेतला.

सगळं जंगल कडेला जमलं. मोरेश्वराने मान उंचावली.

"ऊठ!"

दर्याजी उठला. टाळ्या पडल्या.

"पुढे हो!"

दर्याजी जागचा हलेना. दांड्यांवरचे डोळे त्याने डावीकडे फिरवले, उजवीकडे फिरवले. मग त्याच्या तोंडाला फेस आला.

"पुढे हो!" मोरेश्वर आणखी जोरात ओरडला. फेसही आणखी आला.

"हँग झाला, हँग झाला!" माकडं ओरडली आणि आनंदाने फांद्या हलवू लागली. दुसऱ्याचं काम अडलं की माकडांना फार बरं वाटतं.

सगुणाक्का जवळ गेली. "काय रे बाबा, काय होतंय तुला?"

"आक्का," दर्याजी फेस पुसत म्हणाला, "ह्या 'फुडे' म्हणजे खंय गो?"

"पुढे म्हणजे पुढे! सरळ नाकासमोर!"

"माका नाक नाय."

सगुणाक्काने वाकून पाहिलं. खरंच नव्हतं. दर्याजीच म्हणाला, "आमच्यात कोण फुडे जाणा नाय. आमका आडवाच चलूक येता. हयल्या सिस्टीमचो माका सपोर्टच नाय."

झालं! दरबार बसला. खेकडा नवा, हाकारे जुने. दोन उपाय होते. एक म्हणजे मोरेश्वराने एक नवा शब्द शिकायचा. पण तो म्हणाला, "मी सिस्टीम आहे. मी शिकत नसतो." म्हणून दुसरा उपाय केला. धोंडबाला मध्ये घातलं.

आता कसं व्हायचं, ऐका हं. मोरेश्वर ओरडायचा, "पुढे हो!" ते धोंडबाला ऐकू जायला वेळ लागायचा. मग धोंडबा विचार करायचा. मग थुंकी गिळायचा. मग नाकाने दर्याजीला ढोसून अर्धं वळवायचा आणि समोर उभा राहून हातवारे, म्हणजे कानवारे करायचा. दर्याजी एक पाऊल टाकायचा. की परत मोरेश्वराकडे बघायचं, परत धोंडबाकडे बघायचं. अशाने सकाळपासून दुपारपर्यंत एका म्हशीला बसता येईल एवढी जागा साफ झाली. नवा कोरा, आठ पायांचा, दोन नांग्यांचा प्रोसेसर गाढवाहून हळू चालू लागला. वराहपंत म्हणाले, "याला सुसंगतता म्हणतात." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण शब्द मोठा होता.

सगुणाक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पुन्हा दरबारात उभी राहिली.

"पंत, ही कसली थट्टा चालवलीय? डोंगरापलीकडे धुराचा वास यायला लागलाय. माझी पिल्लं आहेत त्या गवतात! खेकड्याला दोष नाही. त्याला आपल्या सिस्टीमचा सपोर्ट नाही. तेवढा सपोर्ट द्या त्याला!"

वराहपंतांचे डोळे चमकले. इंग्रजी शाळा त्यांच्याच भावाची होती, पण पंत स्वतः तिथे फक्त बक्षीस समारंभाला जायचे.

"सपोर्ट?" ते म्हणाले. "म्हणजे पाठिंबा ना? अहो आक्का, मग आधी नाही का बोलायचं! पाठिंब्यात आपला हात कोण धरतंय!"

आणि ते कामाला लागले. इतक्या जोमाने त्या प्रधानाला कुणी कधी पाहिलं नव्हतं. वडाच्या पारंब्यांना हे एवढे मोठे फलक लटकले. 'नव्या प्रोसेसरला जाहीर पाठिंबा.' खाली वराहपंतांचं हसरं तोंड, त्याखाली त्यांच्या भावाचं, मेहुण्याचं, मेहुण्याच्या मित्राचं. दर्याजीला जागा पुरली नाही. त्याची एक नांगी कोपऱ्यात दिसत होती.

तरसांनी ऐकलं आणि त्यांनीही पाठिंबा दिला, बाहेरून. लांडगे म्हणाले, "आमचा मुद्द्यांवर आधारित पाठिंबा आहे." कुठले मुद्दे ते त्यांना अजून ठरवायचं होतं. माकडांनी आधी पाठिंबा दिला, मग काढून घेतला, मग केळी मिळाल्यावर परत दिला. जो तो उठून दर्याजीच्या पाठीवर थाप मारू लागला. त्याच्या कवचाला चरे पडले.

"गो आक्का," तो हळूच म्हणाला, "सगळ्यांनी पाठिंबो दिलो, पण माका काय करूचा आसा ता कोण सांगणा नाय!"

गुणी पोरगा तो, पण शेवटी त्यानेही नांगी टाकली आणि गोणपाटात शिरून बसला.

एके दुपारी डोंगराच्या माथ्यावर धूर दिसला. वास नव्हे, धूर. काळा, जाड. वाऱ्याचं तोंड जंगलाकडे होतं.

सगुणाक्का बिळातून बाहेर आली, धूर पाहिला आणि वळून आत डोकावली. आत पिल्लं एकमेकांवर पडून झोपली होती. कुणाला हाक मारावी? दरबारात पाठिंब्याच्या सत्काराची तयारी चालली होती. मोरेश्वर पिसं विंचरत होता. धोंडबा सावलीत घोरत होता.

ती पळत दर्याजीकडे गेली आणि गोणपाट ओढून फेकलं. "ऊठ रे! आग आली! चल, काप!"

दर्याजी धावत आला. तिच्याकडे तोंड करून, गवताच्या कडेला उभा राहिला.

"पुढे हो!" सगुणाक्का ओरडली. घाईत दुसरं काही सुचतं का?

दर्याजीच्या तोंडाला फेस आला.

"अरे पुढे! पुढे हो रे मेल्या!"

फेस, फेस आणि फेस. सगुणाक्काला रडू फुटलं. रडू आलं की तिला राग यायचा, आणि राग आला की ती फार वाईट बोलायची. सगळं सांगत नाही, तुम्ही लहान आहात. शेवटचं तेवढं सांगतो.

"कुणी आणलं तुला इथे कडमडायला! मी कापते दातांनी! तू हो बाजूला!"

आणि बाळांनो, दर्याजी बाजूला झाला.

बाजूला झाला तो थांबलाच नाही. आठही पाय एकदम सुटले. दोन्ही नांग्या कचाकच चालू झाल्या. सगुणाक्काच्या बिळापाशी होता तो डोळ्यांदेखत चिंचेपाशी पोचला, आणि मागे गवताची काडी नाही. जमीन अशी लख्ख की तिच्यावर पापड वाळत घालावेत.

"बाजूक हो म्हण ना गो आक्का!" तो लांबून ओरडला. "आयुष्यात पयल्यांदा कोणीतरी नीट सांगितल्यान!"

सगुणाक्का डोळे पुसत त्याच्यामागे धावली. "हो बाजूला! हो बाजूला! हो रे माझ्या राजा बाजूला!" अख्ख्या जंगलात इतक्या प्रेमाने कुणी कुणाला बाजूला हो म्हटलं नसेल. तो कापत होता, ती ओरडत होती. बिळापुढचा भाग झाला. चिंचेपासून ओढ्यापर्यंत झाला. ओढ्यापासून वडाच्या दिशेने निम्मा झाला. आता फक्त वडापुढचं गवत उरलं होतं.

तेवढ्यात समोरून ताशे आले.

"थांबा!" वराहपंतांच्या खुरात शाल होती, नारळ होता. "सत्कारमूर्ती इथे काय करताहेत? मंडप तिकडे आहे."

"पंत, सरका!" सगुणाक्का म्हणाली. "एवढं वडापुढचं राहिलंय. हो रे बाजूला..."

"बस!" वडावरून आवाज आला. तो दर्याजीला कळत होता. तो बसला.

मोरेश्वर खाली उतरला. त्याची मान रागाने थरथरत होती. "हा 'बाजूला' कुणी दिला? सिस्टीममध्ये असा हाकारा नाही. हा अनधिकृत हाकारा आहे. यामुळे जंगलाच्या सुरक्षेला धोका आहे!"

त्याच्या पाठीमागे डोंगराचा उतार पेटत खाली येत होता.

"मोरेश्वरा, मागे बघ!" सगुणाक्का किंचाळली.

"मागे हो, असा हाकारा आहे," मोरेश्वर म्हणाला. "मागे बघ, असा नाही."

वराहपंतांनी भाषणाला सुरुवात केली. "बंधूंनो आणि भगिनींनो, आज या प्रोसेसरच्या पाठीशी..." एवढंच झालं. पुढचं कुणी ऐकलं नाही, कारण ताशेवाले पळाले. सगुणाक्काही पळाली, बिळाकडे. दर्याजीने ओढा गाठला.

आग आली. बिळापुढे आली, मोकळ्या जमिनीपाशी थबकली, दोन फुत्कार टाकले आणि विझली. चिंचेपाशी विझली. ओढ्याच्या बाजूने विझली. वडापुढे मात्र तिला छान वाळलं गवत मिळालं. त्यावरून ती पारावर चढली, मंडप खाल्ला, फलक खाल्ले, मेहुण्याचा मित्रही, म्हणजे त्याचं चित्र हो, खाल्लं. मोरेश्वराचा सगळा पिसारा झाला भुर्र. महाराज झोपेतच उठून ओढ्यात जाऊन पडले आणि तिथे परत झोपले. जीव कुणाचा गेला नाही. इज्जत पुष्कळांची गेली.

सगुणाक्का बिळाच्या तोंडाशी बसून होती. आत पिल्लं कुरकुरत होती, भूक लागली म्हणून. तिने त्यांना पोटाशी घेतलं आणि पुष्कळ वेळ नुसतं चाटत बसली.

गोष्ट इथे संपवली असती, तर तुम्ही शहाणे झाला असता. पण जंगलात चौकशी झाली.

चौकशीत ठरलं की वडापुढे जाळरेषा नव्हती. का नव्हती? कारण खेकडा आडवा चालत होता आणि बाकीचे सरळ. त्यामुळे गोंधळ झाला. सबब सगळ्यांनी एकाच पद्धतीने चालावं. मोरेश्वराने नवी आवृत्ती काढली. अंगावर एक पीस नव्हतं, म्हणून तिला हलकी आवृत्ती म्हटलं. तिच्यात 'पुढे' हा शब्दच नव्हता. आजपासून सगळ्यांनी, मुंगीपासून महाराजांपर्यंत, फक्त बाजूला व्हायचं. तपासायला माकडं नेमली.

आता जंगलात कुणी पुढे जात नसे. पुष्कळांना काही फरकच जाणवला नाही.

धोंडबा आडवा चालताना पायात पाय अडकून पडला, तो उठायचंच नाही म्हणाला. हरणं झाडांवर आपटू लागली. आणि सगुणाक्का? ती कंदमुळं घेऊन बिळाशी आली, तर दारात दोन माकडं.

"आडवं शिरायचं, आक्का. नियम आहे."

आडवं कसं शिरणार? बिळाचं तोंड तिच्या अंगाच्या मापाचं. आडवी झाली की ती दाराला अडसरासारखी अडकायची. तिने इकडून करून पाहिलं, तिकडून करून पाहिलं. ज्या बिळाला वणव्याने हात लावला नाही, त्यात आता आईलाच जाता येईना. आत पिल्लांनी टाहो फोडला.

ती तशीच, आडवी आडवी, दरबारात गेली.

"आक्का, तुमचं बीळ नव्या आवृत्तीला चालत नाही," वराहपंत म्हणाले. "तोंड रुंद करून घ्या."

"रुंद केलं तर कोल्हा शिरेल!"

"तोही आडवाच शिरेल. नियम सगळ्यांना सारखा."

"मग जुन्या चालीला पाठिंबा कधीपर्यंत आहे?"

"कालपर्यंत होता."

सगुणाक्काने दर्याजीला शोधलं. निदान त्याचं तरी भलं झालं असेल! तर दर्याजी ओढ्याकाठी गोणपाट बांधत होता. "माका घराक धाडतत गो आक्का," तो म्हणाला. "मी जुनो झालंय. नवो प्रोसेसर इलो."

खरंच आला होता. बेडूक. मोरेश्वर ओरडला, "बाजूला हो!" बेडकाने टुणकन उडी मारली ती थेट महाराजांच्या नाकावर. महाराजांनी एक डोळा उघडला आणि मिटला.

"याला सपोर्ट लागणार, हे आम्ही आधीच ओळखलंय!" वराहपंत गरजले. नवे फलक तयारच होते. "मागच्या वेळी पाठिंबा कमी पडला. या वेळी एकजात सगळ्यांनी द्यायचा. चला, आक्कांपासून सुरुवात! द्या पाठिंबा!"

सगुणाक्काच्या कानात पिल्लांचं रडणं घुमत होतं. तिने शांतपणे विचारलं, "किती देऊ?"

"असेल तेवढा! संपूर्ण! अगदी बिनशर्त!"

"देते," सगुणाक्का म्हणाली.

साळिंदर पाठिंबा कसा देते, ठाऊक आहे? तिने पंतांकडे पाठ केली. अंगावरचा एकूण एक काटा खळखळून उभा केला. आणि मागच्या मागे, अगदी सरळ रेषेत, धूम धावत जाऊन तिने फलकांकडे वळलेल्या वराहपंतांना पाठीमागून संपूर्ण, बिनशर्त आणि आतून पाठिंबा दिला.

अशी किंकाळी जंगलात पुन्हा झाली नाही. बिळावरची माकडंसुद्धा काटे उपटायला धावली. दरबारात गडबड उडाली, त्या गडबडीत सगुणाक्का चालू लागली. आडवी नाही, पुढे. ती घरी गेली, नाकासमोर सरळ बिळात शिरली आणि पिल्लांना खायला घातलं.

तात्पर्य: नवा प्रोसेसर आला की त्याला शाल द्यावी, नारळ द्यावा, पाठिंबा तर भरभरून द्यावा. त्याला कळेल असा हाकारा तेवढा देऊ नये. तो एकदा कामाला लागला, तर पाठिंबा देणाऱ्यांना कोण विचारणार? वराहपंत हे तात्पर्य हल्ली गावोगाव सांगत फिरतात. भाषण लांबलचक असतं, आणि खुर्ची समोर असूनही ते बसत मात्र नाहीत.